वायरीचे पैसे कापा, गाडीचे द्या

गाडीच्या विम्याला एक तारा देतेय. तोही नुकसान तपासायला आलेल्या सर्वेअर साहेबांचा. कंपनीला मनातून शून्यच आहे.

वैशाखातली दुपार. रामबागेतलं लग्न आटोपून आम्ही सुदामानगरला परतत होतो. अन्नपूर्णा मंदिराच्या अलीकडे एसीतून जळकट वास यायला लागला. हे म्हणाले, "बाहेर कुणीतरी कचरा जाळतंय." इंदूरात, भररस्त्यात कचरा! तेवढ्यात डॅशबोर्डाखालून धूर निघाला. आम्ही उतरून दहा पावलं जातो न जातो तोच आतून भडका. रसवंतीवाल्या भैयाने दोन बादल्या ओतल्या, पण त्याने काय होणार! फायर ब्रिगेडने आग विझवली तेव्हा स्टिअरिंग गुळाच्या पाकासारखं ओघळून तसंच घट्ट झालेलं होतं. मागच्या सीटवर माझी पैठणी होती, लग्नात साडी बदलली म्हणून पिशवीत घडी घालून ठेवलेली. ती गेली ती गेलीच. गाडीच्या पॉलिसीत आतलं सामान येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पॉलिसी साधी थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारी, नव्हती, पूर्ण होती. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, २,८६,०००. क्लेम त्याच संध्याकाळी कळवला. दुसऱ्या दिवशी सर्वेअर गॅरेजवर आले, उन्हात उभं राहून चाळीसेक फोटो काढले, फ्यूज बॉक्स स्वतः उघडून बघितला. मला वाटलं, झालं काम. सात आठवड्यांनी ईमेल आला : आग इलेक्ट्रिकल ब्रेकडाऊनमुळे, सबब क्लेम नामंजूर.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा पॉलिसीची पुस्तिका वाचली, भिंग घेऊन. पहिल्याच कलमात, कंपनी कशाकशाची भरपाई देणार त्या यादीत सर्वात वर लिहिलंय : आग, स्फोट, सेल्फ इग्निशन (आपोआप पेट घेणं), वीज पडणे. खाली अपवादांत यांत्रिक आणि विद्युत बिघाड. म्हणजे वायर नुसती जळून बंद पडली असती तर तो बिघाड, खर्च माझा. कबूल. पण त्या वायरीने पेट घेऊन अख्खी गाडी खाल्ली, ती आग नाही तर काय हळदीकुंकू? गाडी आपोआप पेटते ती बहुतेक वायरीतून किंवा पेट्रोलच्या गळतीतून. तेच वगळायचं तर सेल्फ इग्निशन छापलंय कशाला?

सर्वेअरच्या रिपोर्टची प्रत मागितली. मागितली की द्यावी लागते, तरी तिसऱ्या ईमेलला आली. त्यात स्पष्ट लिहिलेलं : शॉर्ट सर्किट, बाहेरून बसवलेलं कुठलंही फिटिंग नाही, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, सबब टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असंच धरायचं. माणसाने इमानदारीने हिशेब करून दिला होता, कंपनीने तो बाजूला सारला.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. उत्तरात तोच परिच्छेद, तीच स्पेलिंगची चूक. शाखेतला मुलगा वर म्हणतो, "आंटी, कोर्टात जा, बघा किती वर्षं लागतात." कोर्टात नाही गेले. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या भोपाळच्या विमा लोकपालाकडे अर्ज केला. फी नाही, वकील नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, तिचं उत्तर यायला महिनाभर थांबावं लागतं, आणि नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. तोच दावा ग्राहक आयोगात चालू असेल तर मात्र लोकपाल घेत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे धावू नका.

सुनावणी व्हिडिओवर झाली. मी फायर ब्रिगेडचा दाखला, रिपोर्ट आणि पुस्तिकेचं ते पान पाठवलं होतं. बोलायची वेळ आली तेव्हा म्हटलं, "साहेब, वायरीचे पैसे कापा, गाडीचे द्या." कंपनीच्या माणसाला विचारलं गेलं की आग या पॉलिसीत येते की नाही. तो बराच वेळ पानं उलटत होता.

निकाल माझ्या बाजूने लागला. पॉलिसीप्रमाणे क्लेममधून सक्तीने कापायचे १,००० कापून २,८५,००० मिळाले, सांगाडा कंपनीने नेला. गॅरेजवाल्याने रोजचे १५० रुपये पार्किंग लावलं होतं, ते मात्र माझ्याच खिशातून गेले.

परवा त्याच कंपनीचा फोन आला, "मॅडम, आपकी स्कूटर का रिन्यूअल ड्यू है." म्हटलं, आधी पुस्तिका पाठवा, वाचून सांगते.