झोपेत दात खाणाऱ्यांनी तारा लावाव्यात की अलायनर?

धाकट्या बहिणीचे पुढचे दात वाकडे, त्यात ती झोपेत करकरा दात खाते. तारा की अलायनर (दातांवर बसणारा, काढता-घालता येणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा साचा), यावर तिचं अजून ठरत नाहीये.

रात्रीचं आधी बघू, खरी अडचण तिथेच आहे. अलायनर घातला की वरच्या-खालच्या दातांमध्ये प्लॅस्टिक येतं, दात दातावर घासत नाही. पण ते जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड. दाढांपाशी खळगे पडतात, कधी चीर जाते. एक-दोन आठवड्यांनी पुढचा जोड येतो म्हणून निभतं. तारांना हे संरक्षण नाही. वरचा दात आपटून खालची ब्रॅकेट (तार धरणारी, दाताला चिकटवलेली छोटी पट्टी) निखळू शकते. दात सरकत असताना नेहमीचा नाइट गार्डही (रात्री दात झिजू नयेत म्हणून घालायचं आवरण) नीट बसत नाही. सिरॅमिक ब्रॅकेट तर नकोच, तिच्यावर घासणारा विरुद्ध बाजूचा दात झिजवते.

खर्चात तारा बहुधा स्वस्त. अलायनर मात्र दिवसाचे २०-२२ तास तोंडात हवा आणि चहालाही काढायचा. (आमच्याकडे चहा किती वेळा होतो, ते विचारू नका.) दात खाण्याची सवय दोन्हींनी सुटत नाही, तिचं वेगळं बघावं लागतं.

दात थोडेच वाकडे आणि अंगात शिस्त असेल तर अलायनर. दात खूप फिरलेले असतील, किंवा वस्तू विसरायची खोड असेल तर तारा, त्याही धातूच्याच.