वाचा गेलेल्या आईसाठी स्वरोपचार: बारा बैठकांनंतरचा अभिप्राय

अर्धांगवायूच्या झटक्याने माझ्या आईची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. बोललेले तिला सगळे समजत होते, पण ‘पाणी’ एवढा शब्दही ओठांवर येत नव्हता. आणि तरीही एका पहाटे मावशीने जात्यावरची ओवी धरताच आईने तिची पुढची ओळ शब्दांसकट म्हटली. मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याचे कारण समजावून सांगितले. बहुतेकांच्या मेंदूत वाचेचा कारभार डाव्या बाजूकडे असतो, गाण्याला मात्र उजव्या बाजूचाही मोठा आधार मिळतो. त्यांच्याच संमतीने, औषधे आणि फिजिओथेरपी चालू ठेवून, आम्ही छत्रपती संभाजीनगरातील एका स्वरोपचार केंद्रात नाव नोंदवले. जालन्याहून साठेक किलोमीटरचा हा प्रवास सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा केला. पाऊण तासाच्या बारा बैठकांचे सहा हजार रुपये पडले.

तेथील शिक्षिकाबाईंचे काम मला मनापासून आवडले. पहिल्या दिवशी त्यांनी आईला कोणत्या ओव्या येतात हे आमच्याकडून लिहून घेतले आणि उरलेला वेळ तिच्या गळ्याला झेपेल असा षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, शोधण्यात घालवला. पुढे त्यांनी वापरलेली पद्धत १९७३ मध्ये बोस्टनच्या अभ्यासकांनी मांडलेली आहे: नेहमी लागणारा छोटा शब्दसमूह दोन स्वरांत बांधायचा, आधी गुणगुणायचा, मग प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर ठेका देत बरोबरीने म्हणायचा, नंतर शिक्षकाने मध्येच थांबून पुढचे रुग्णावर सोपवायचे आणि शेवटी चाल उतरवत नेऊन साध्या बोलण्यावर यायचे. आठव्या बैठकीनंतर आईने घरी आपणहून ‘चहा नको’ म्हटले. त्या दिवशी कोणालाच चहा प्यावासा वाटला नाही, आम्ही सगळे तिच्याभोवती बसून राहिलो. आज तिला असे दहा-बारा शब्दसमूह येतात. नातवंडांची नावे अजून येत नाहीत.

याच केंद्रातील काशाच्या वाट्यांच्या बैठकीबद्दल मात्र असे लिहिता येत नाही. आडवे झोपवून अंगाभोवती वाट्या वाजवतात. त्या नादाने आईला शांत झोप लागली, आणि तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासण्याची आपल्याकडची जुनी रीत आठवून मलाही बरे वाटले. परंतु ४३२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४३२ कंपनांच्या, नादाने पेशी दुरुस्त होतात, असे तेथील सहायकाने सांगितले. आपल्या संगीतात षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो, मग सगळ्यांच्या रोगांना एकच आकडा कसा लागू पडेल? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानेही स्वरांच्या विवेचनाआधी मानवी शरीराचे वर्णन केले आहे आणि नाद नाभीतून हृदय, कंठ, मस्तक असा चढत मुखातून प्रकटतो असे सांगितले आहे. ज्या भूमीत नादाचा विचार देहापासून सुरू झाला, तेथे रुग्णाचा देह न पाहता आकडा सांगितला जावा, याचे मला वाईट वाटले. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, रक्तदाबाच्या गोळ्या हळूहळू बंद करता येतील असेही तो सहायक म्हणाला. पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत हा सल्ला जिवावर बेतू शकतो. आम्ही तेथेच हरकत घेतली, आणि शिक्षिकाबाईंनी आमची बाजू घेतली.

केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. अर्धांगवायूच्या रुग्णांना बोलावणाऱ्यांनी ही सोय आधी करायला हवी. दर वेळी आईला खुर्चीसकट उचलून न्यावे लागले.

ज्यांना बोललेले समजते पण बोलता येत नाही, अशा रुग्णांच्या घरच्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून हे शब्द-स्वरांचे शिक्षण अवश्य घ्यावे, आणि घरातील एकाने प्रत्येक बैठकीला शेजारी बसून ते शिकावे, कारण खरा सराव घरीच रोज करावा लागतो. आम्ही पुढच्या बारा बैठकांसाठी नाव नोंदवले आहे, वाट्यांच्या बैठका वगळून. पहिले काम नातवंडांच्या नावांना चाल लावण्याचे आहे.