स्विच २ वर पैसे कुठे घालायचे, जुन्या गेमचा पोर्ट की स्वस्तातला नवा गेम?
आमच्या रत्नागिरीत जूनमध्ये पाऊस लागला की लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, म्हणून हा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो. निन्टेंडोचा गेमिंग कन्सोल स्विच २ आला ५ जून २०२५ ला आणि तेव्हापासून लोकं ओरडतायत की सगळे जुनेच गेम नव्या कन्सोलवर आणून, म्हणजे पोर्ट करून, परत विकतायत. खरंय, पण सरसकट नाही.

सायबरपंक २०७७ बघा ना. २०२० मध्ये सोनीच्या पीएस४ कन्सोलवर हा इतका बिघडलेला आला की सोनीने स्वतःच्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला होता, आणि तोच गेम स्विच २ वर ६४ जीबीच्या कार्टवर (कन्सोलमध्ये घालायचं गेमचं कार्ड) अख्खा मिळतो, एक्सपान्शनसकट, म्हणजे नंतर आलेल्या जोड-भागासकट, म्हणजे नेट नसलं तरी कार्ट घाला आणि खेळा. याला जुना म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही, मेहनत दिसते त्यात. फक्त घेताना डबा नीट बघा, गेम-की कार्ड असेल तर कार्डात गेम नसतोच, नुसती चावी, बाकी सगळं डाउनलोड.

दुसरीकडे निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानातले, म्हणजे ईशॉपवरचे, एक-दोन डॉलरवाले गेम. नाव गाजलेल्या गेमसारखं, चित्र भारी, आत मात्र तयार मिळणारी रेडिमेड थ्रीडी मॉडेल्स नुसती जोडलेली. भाच्याने हौसेने दोन घेतले, एक तर मेनूवरच अडकायचा, पोर अगदी हिरमुसलं. सगळे स्वस्त गेम असे नसतात, पण आधी कुणीतरी खेळतानाचा व्हिडिओ बघितल्याशिवाय घेऊ नका.

मी तरी पैसे साठवून एकच चांगला पोर्ट घेईन, कार्टवरचा.