साडेदहा महिने, 11 हजार किलोमीटर आणि एक हेडलाइट

14 डिसेंबरला, रविवारी, आष्ट्याहून सांगलीला परत येत होतो. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. मिरजवाडी सोडली, तुंग यायचं होतं. समोरून गाड्यांची रांग लागलेली, त्यामुळे डिपरवर, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या उजेडावर होतो आणि वेग साठच्या आसपास. बायको एकदम ओरडली, "अहो, ट्रॉली!" मी अक्षरशः ब्रेकवर उभा राहिलो. उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाली लोंबलेले. गाडी थांबली तेव्हा एक कांडं बॉनेटला टेकलं होतं. मागे बसलेली आई एक शब्द बोलली नाही. नुसती पुढच्या सीटचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसली होती.

त्या दिवसापर्यंत ही गाडी मी भेटेल त्याला "घ्या" म्हणून सांगत होतो. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चार मीटरच्या आतली, 1200 सीसीची पेट्रोल, हाताचे गिअर, वरून दुसरं मॉडेल. माझी तक्रार या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना लागू पडेल, म्हणून एकाच कंपनीवर खापर नको.

आधी जे चांगलं आहे ते लिहितो, कारण ते खरंच चांगलं आहे. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. जुन्या गाडीत तिला आधी खाली वाकून, मग पाय उचलून आत घ्यावे लागायचे. हिची सीट उंच आहे, आई पाठमोरी टेकते आणि वळते, झालं. वॅगनआर इतकी वर्षं एवढी का खपते, हे आईला घेऊन चार शोरूम हिंडल्यावर मला कळलं. गाडी घेताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, बाकी सगळं नंतर. एसी मेच्या उन्हात मागपर्यंत पोचतो. डिकीत हळदीची दोन पोती आडवी बसतात. टचस्क्रीनबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती मुलगा वापरतो.

ॲव्हरेज गावात 15, रस्त्याला 19. कंपनीचा आकडा जास्त आहे, पण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे थोडा फटका बसणारच. आपलाच ऊस कारखान्यातून फिरून टाकीत येतोय, त्यामुळे इथे मी फार कुरकुर करत नाही.

किमतीचं मात्र मनाला लागलं. गाडी पाडव्याला घेतली, 30 मार्च 2025. तेव्हा या वर्गाला 28 टक्के जीएसटी आणि वर 1 टक्का सेस होता. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, तो 18 वर आला. सहा महिने थांबलो असतो तर त्या पैशात विमा आणि सीट कव्हर दोन्ही निघालं असतं. पाडव्याचा मुहूर्त आईचा होता, म्हणून गप्प बसलो.

आता दिवा. पावसाळ्यात उजव्या हेडलाइटच्या काचेला आतून ओल धरली. सकाळी थेंब, दुपारी वाफ. सप्टेंबरात सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर सल्लागार म्हणाला, "सर, काचेला बारीक चीर आहे, खडी उडालेली दिसतेय. वॉरंटीत बसणार नाही. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." किंमत सांगितली 18,400 रुपये, एका बाजूची, मजुरी वेगळी. मी ती चीर शोधायला मोबाइलचा उजेड लावला, नख फिरवलं, मला काही सापडली नाही. दोन फेऱ्या मारल्या, मॅनेजरला भेटलो, फोटो दिले. उत्तर तेच. माझ्या जुन्या गाडीत एच-4 चा 60/55 वॅटचा बल्ब होता. गेला तर दुकानात गाडी लावायची, तीनशे-चारशे रुपये द्यायचे, दहा मिनिटांत घरी. एलईडी जास्त टिकते हे मान्य, पण बिघाड झाला तर अख्खा डोळाच बदलायचा, ही पद्धत मध्यमवर्गीय माणसाला परवडणारी नाही.

विम्यातून करा असंही सुचवलं. पण वर्षभर क्लेम नसेल तर नूतनीकरणाला 20 टक्के नो क्लेम बोनस मिळतो आणि माझा विमा मार्चमध्ये संपतो. म्हणून तेही केलं नाही. उजेड कमी पडतो तो या ओलीमुळेच, असं मी धरून चाललो होतो. त्या रविवारपर्यंत.

दुसऱ्याच दिवशी मिरजेतल्या एका वायरिंगवाल्या मिस्त्रीकडे गेलो. वय साठीच्या पुढचं. म्हटलं, "काका, जास्त वॅटचे फॉग लॅम्प बसवून द्या." त्यांनी आधी गाडीत बसून स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या वर असलेलं एक बारीक चाक बघितलं. त्यावर 0 ते 3 आकडे असतात. ते 3 वर होतं. मी त्याला कधी हात लावलेला नव्हता, म्हणजे शोरूममधून गाडी आली तेव्हापासून ते तसंच असणार.

मागची सीट आणि डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून तो खाली आणायला हे चाक असतं. पुढे दोघंच असतील तर 0. काकांनी गोदामाच्या भिंतीपासून बरोबर 10 मीटरवर गाडी उभी करायला लावली. दिव्याचा मध्य जमिनीपासून 70 सेंटीमीटर भरला. भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूची रेघ मारली आणि डिपर लावला. उजेडाची वरची कड रेघेच्या 40 सेंटीमीटर खाली होती. चाक 0 वर आणलं, कड सरसर वर चढली आणि रेघेखाली 10 वर थांबली.

घरी येऊन मी वहीवर हिशोब मांडला. 10 मीटरला 10 सेंटीमीटर उतरणारा उजेड 70 मीटरवर जमिनीला टेकतो. 40 सेंटीमीटर उतरणारा साडेसतरा मीटरवर. ताशी 60 च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. म्हणजे साडेआठ महिने मी घरच्यांना एका सेकंदाच्या उजेडात फिरवत होतो. तो आकडा बघून मला रात्री झोप लागली नाही.

गाडी ताब्यात देताना पेढे दिले, हार घातला, फोटो काढला, ॲप डाउनलोड करून दिलं. त्या चाकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ओल दाखवायला तीनदा गेलो तेव्हाही नाही.

म्हणून मत बदलतोय. दिवा वाईट नाही. नीट लावला तर डिपरला रस्ता स्वच्छ दिसतो. एक उणीव मात्र राहतेच. या एलईडीची कड सुरीने कापल्यासारखी असते, तिच्या वर काळोख. जुन्या हॅलोजनचा उजेड पिवळट आणि विस्कटलेला असायचा, पण त्यात उंच भरलेल्या ट्रॉलीचा अंधुक आकार तरी दिसायचा. गळीत हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, अंगद (ऊस वाहणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरगाड्या), बैलगाड्या रात्रभर चालतात, आणि त्यांच्या मागे दिवा नसला की हा फरक जाणवतो.

2018 मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, 2024 मध्ये डिझायरलाही मिळाले, आणि आता आपली भारत एनकॅपही आहे. लोक तारे विचारून गाडी घेतात हे फार चांगलं झालं. पण ते तारे धडक झाल्यावर काय होतं त्याचे आहेत. अमेरिकेत आयआयएचएस ही संस्था 2016 पासून हेडलाइटलाही श्रेणी देते. आपल्याकडे तशी सोय होईपर्यंत टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावर मागा. शोरूमवाले नाही म्हणतील, तरी मागा. आणि बुकिंगच्या आधी हेडलाइट असेंब्लीची किंमत कागदावर लिहून घ्या.

ओलीचं कामही काकांनीच केलं. दिव्याच्या मागे हवा जायला एक रबरी नळी असते, ती चिखलाने बुजली होती. दिवा काढला, नळी साफ केली, तीन दिवस उन्हात ठेवला, झाकण नव्याने बसवलं. 600 रुपये. चीर त्यांनाही सापडली नाही. पुढच्या पावसात पुन्हा ओल धरते का ते बघून इथेच लिहीन.

परवा आई, मावशी आणि मागे दोन पोती घेऊन त्याच रस्त्याने आलो. निघताना चाक 2 वर केलं. तुंगच्या अलीकडे उसाची ट्रॉली होतीच, पण या वेळी तिचं मागचं फळकूट, त्यावरची खडूने लिहिलेली अक्षरं, सगळं लांबूनच दिसलं. आईने विचारलं, "आज दिवे नवे बसवलेस का रे?"