वर्गाबाहेर उभं करायचं की गोल करून बसायचं?

नागपूर, सातवीचा वर्ग. मधल्या सुट्टीत एका पोट्ट्यानं शेजाऱ्याचा डबा भिरकावला. फरशीभर पोहे.

जुनी रीत म्हणजे वर्गाबाहेर उभं करा, डायरीत लाल शेरा, उद्या पालकांना बोलवा. पाच मिनिटांत निकाल, तास सुरू. साठ मुलांच्या वर्गात ही सोय मोठी, मीही ती वर्षानुवर्षं वापरली. (2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 छडीसोबत मानसिक छळही बंद करतं, हे स्टाफरूममध्ये फारसं कुणाला आठवत नाही.)

दुसरी रीत, शिक्षेऐवजी झालेलं नुकसान भरून काढायची, कॅनडातून रुजली. 1974 मध्ये ऑन्टारिओत तोडफोड करणाऱ्या दोन पोरांना नुकसान झालेल्यांच्या दारोदार नेलं, भरपाई ठरवायला. शाळेत तेच गोल बसून होतं : काय झालं, त्रास कुणाला झाला, आता नीट कसं करायचं? "असं का केलंस?" हा प्रश्न टाळायचा, त्यात आरोप असतो.

पण आधी मूल शांत हवं. घाबरलेल्या, चिडलेल्या डोक्यात समजूत शिरत नाही. डबा भिरकावणाऱ्या त्या पोट्ट्याला व्हरांड्यात बसवून पाणी दिलं. मग हळूच म्हणाला, "मॅडम, घरी रात्री भांडण झालं. मी जेवलोच नाही."

हे मी गोलात सांगायला लावलं नाही. गणिताचा अख्खा तास गेला, तेही खरं. आणि रोज छळणाऱ्यासमोर छळलेल्या मुलाला जबरदस्तीनं बसवणं मला मुळीच पटत नाही. इथं मात्र माझी पसंती गोलालाच.

दुसऱ्या दिवशी त्यानं चेपलेलं झाकण ठोकून सरळ करून आणलं.