सेफगार्डिंग कोर्स, एक सीझन वापरून झाल्यावर

पावसात बोटी शेडमधे उलट्या पडलेल्या असतात, हातात वेळ असतो, म्हणून गेल्या सप्टेंबरात कयाकिंगच्या कोच-लीडर लोकांसाठीचा एक परदेशी ऑनलाइन कोर्स केला, मुलांच्या सेफगार्डिंगचा, म्हणजे मुलांना गैरवर्तनापासून सुरक्षित कसं ठेवायचं त्याचा. खरं सांगतो, सर्टिफिकेटसाठीच. ब्रिटनमधे कोचना तो दर ३ वर्षांनी परत करावा लागतो, मला वाटलेलं एकदा केला की सुटलो.

मग ऑक्टोबर ते मे इथे गोव्यात, चोडण बेटावर मुलांची बॅच घेतली. सगळ्यात जास्त फरक पडला तो लाइफ जॅकेटमधे. आधी पोर समोर आलं की मी सरळ पट्टे धरून खचकन ओढायचो, कारण ढिलं राहिलं तर पाण्यात जॅकेट वर आणि पोर खाली. आता स्वतःच्या अंगावर दाखवतो, त्यांनाच ओढायला लावतो, मग "खांद्याला धरून वर खेचून बघू?" असं विचारतो. एक मुलगी पहिल्याच दिवशी "नको" म्हणाली. तिचं जॅकेट मैत्रिणीने तपासलं, मी नुसता बघत उभा. आधीचा मी "अगं त्यात काय" म्हटलं असतं. रेस्क्यूला अर्थात विचारत बसत नाही, पण बोट उलटली तर कुठे धरून ओढणार ते काठावरच सांगून ठेवतो.

एकट्या मुलाला स्कूटरवर फेरीधक्क्यापर्यंत सोडणं बंद केलं, त्यावरून एक आई चिडली, अजून धड बोलत नाही. मुलांना पर्सनल मेसेज पण बंद, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर.

कोर्समधला कायदा मात्र सगळा तिकडचा. तिथे संमतीचं वय १६, म्हणून कोचने १६-१७च्या मुलांशी संबंध ठेवणं २०२२ मधे वेगळा गुन्हा करावं लागलं. आपल्याकडे २०१२चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, १८च्या आतल्या सगळ्यांना लागू, आणि असा प्रकार कळूनही पोलिसांना कळवलं नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा तर २००३चा आहे, मलाच माहीत नव्हता! १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर शेडच्या दारावर रंगवून घेतला.

मूल काही सांगायला आलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, खोदून विचारायचं नाही, त्याच्याच शब्दात लिहून ठेवायचं, हा भाग एकदा खरंच लागला. तपशील इथे लिहिणार नाही.

आता हेल्परला पण करायला लावायचाय, पण त्याचं इंग्लिश कच्चं. मराठीत नाहीतर कोकणीत असा कोर्स कोणाला माहीत असेल तर सांगा, पाऊस सुरू व्हायच्या आत.