ऑक्सिजन सेन्सर बदलून आठ महिने झाले, आता सविस्तर लिहितो

पुढचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघून पेट्रोल-हवेचं मिश्रण कसं आहे ते सांगणारा) स्वतः बदलला त्याला आठ महिने झाले, गाडी पेट्रोलची आणि रोज चालते, त्यामुळे आता खात्रीने लिहू शकतो.

चेक इंजिन लाइट लागायच्या आधी दोनेक महिने ॲव्हरेज पडत होतं. लांबच्या प्रवासात फारसा फरक नाही, पण रोजच्या तीन-चार किलोमीटरच्या चकरांमध्ये १६ चं थेट १३. तेव्हा मी तिकडे लक्षच दिलं नाही, खरं तर उत्तर तिथेच होतं. गॅरेजमध्ये कोड न वाचताच सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) दोन्ही बदला म्हणाले. मी थांबलो आणि गाडीचे एरर कोड वाचणारा छोटा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला.

कोड निघाला पी०१३५, म्हणजे बँक १ सेन्सर १ चं (याच पुढच्या सेन्सरचं) हीटर सर्किट, सेन्सरला तापवणारं. कोड सर्किटचा असतो, पार्टचा नसतो, फ्यूज उडाला किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलं तरी हाच येतो, म्हणून आधी मोजा. फ्यूज ठीक होता, इंजिन चालू असताना हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या) बाजूला १२ व्होल्टच्या वर सप्लाय येत होता. मग कनेक्टर सोडून सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींवर मल्टिमीटर लावला (माझ्यात पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची, तुमच्यात रंग वेगळे असू शकतात) तर ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, काहीच रीडिंग नाही. नवा सेन्सर मोजला तेव्हा ६ ओहमच्या आसपास आलं.

आता चकरांचं कोडं सुटलं. सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि हीटर गेला की तो फक्त एक्झॉस्टच्या उष्णतेवर अवलंबून. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात थंड इंजिनवर सेन्सरच्या व्होल्टेजची रेषा ०.४५ व्होल्टला सपाट, कितीतरी वेळ तशीच, आणि तोवर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सेन्सरकडे न बघता अंदाजाने पेट्रोल सोडतो. छोट्या चकरेत सेन्सर तापेपर्यंत घर यायचं! नीट तापल्यावर मात्र ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वर-खाली, म्हणजे सेन्सर जिवंत, फक्त हीटर मेलेला.

काढताना घाई करू नका. आदल्या रात्री आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं, सकाळी इंजिन थोडं कोमट करून २२ एमएमच्या खाचवाल्या सॉकेटने काढला, पहिल्यांदा करकर आवाज आला तेव्हा पोटात गोळा आला पण आटे शाबूत राहिले. नव्याला अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांवर, टोकाला अजिबात लागू द्यायचं नाही. आणि घ्यायचा तर कनेक्टरसकटच घ्या, वायर कापून सोल्डर करायच्या भानगडीत पडू नका, कारण बऱ्याच सेन्सरांना आत लागणारी बाहेरची हवा त्या वायरींमधूनच मिळते.

पहिले पाच महिने काहीच तक्रार नाही, ॲव्हरेज परत १६ च्या जवळ. सहाव्या महिन्यात पी०१७१ आला, मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मला वाटलं नवा सेन्सर गेला, ऑर्डर करायच्याच बेतात होतो. पण शॉर्ट टर्म ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-कमी करतो ते) आयडलवर +१८ आणि रेस दिली की जवळजवळ नॉर्मल, शिवाय सकाळी थंड इंजिनवर मॅनिफोल्डकडून टिकटिक आवाज, गरम झालं की बंद. एक्झॉस्टचं गॅस्केट लीक होतं. सेन्सरच्या आधी लीक असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर ती हवा बघून लीन सांगतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. गॅस्केट बदललं, ट्रिम ±४ मध्ये आली, कोड परत आलेला नाही.

मागचा सेन्सर (कन्व्हर्टरनंतरचा) अजून जुनाच आहे. त्याची रेषा गरम इंजिनवर ०.६५ च्या आसपास शांत असते, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही ठीक आहे, त्यामुळे त्या दोघांना मी हात लावलेला नाही.